वहीतलं पहिलं लाल नाव

जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहायचं आणि तो गेला की त्याच अक्षरांवरून काळी शाई फिरवायची, ही रीत मला ठाऊक नव्हती असं म्हणून मला सुटता येणार नाही. माझ्या घरमालकांनी ती नीट समजावून सांगितली होती. मी मान डोलावली होती आणि वर ‘फार सोयीचं आहे’ असंही म्हणालो होतो. इतकं सगळं ऐकून घेतल्यावरही मी नेमकं तेच केलं, जे करायचं नव्हतं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी फ्रँकफर्टला आलो. यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात शिकाऊ म्हणून जागा मिळाली होती, पण राहायला खोली मिळता मिळत नव्हती. जाहिरात वाचून जायचं, दार उघडणाऱ्या बाईने माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघायचं आणि ‘आत्ताच गेली हो’ म्हणायचं, असं आठवडाभर चाललं. मी मुळात काळजीखोर, आणि तितकाच चिडका. बाराव्या दाराशी मी जवळजवळ भांडलोच. तेरावं दार एका चिनी गृहस्थाचं निघालं. स्टेशनमागच्या रस्त्यावर खाली त्यांची खानावळ, वर ते आणि त्यांची जर्मन बायको, आणि त्याहून वर छपराखालची तिरक्या भिंतींची खोली. त्यांनी कागदपत्रं मागितली नाहीत. “भात खाता ना?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी आनमेल्डुंगच्या फॉर्मवर, म्हणजे पत्ता नोंदवायच्या कागदावर, त्यांनी घरमालक म्हणून सही केली आणि मी सुटलो.

ते तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. शांघायच्या दक्षिणेला डोंगराळ मुलूख आहे, तिथले. तिथे मऊ, हिरवट-पिवळट दगड निघतो. गावचे पुरुष त्यातून माकडं, कमळं, दाढीवाले म्हातारे कोरायचे, आणि ती पेटीत भरून विकायला जग पालथं घालायचे. हेही विशीत असेच निघाले, बोटीने फ्रान्सला उतरले आणि दारोदार विकत विकत जर्मनीत पोचले. युद्धात त्यांना पकडून नेलं होतं आणि चिनी माणसाबरोबर राहते म्हणून बाईंनाही छळलं होतं. त्याबद्दल दोघंही बोलत नसत. मूलबाळ नव्हतं. मला ते ‘हेर इंगेनिअर’, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणायचे. मी अजून इंजिनिअर झालेलो नाही, हे चार वेळा सांगून झाल्यावर मी नाद सोडला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी कामावरून परतायचो तेव्हा ते दोघंही स्वयंपाकघरात अडकलेले असत. त्यामुळे खालच्या दाराजवळचा ब्रीफकास्टन, म्हणजे टपालाची पेटी, मी उघडायचा अशी रीत आपोआप पडली. किल्ली मागच्या दाराशी एका खिळ्याला असायची. टपाल बहुतेक बिलांचं. कधीमधी माझं घरून आलेलं निळं हवाई टपालाचं पत्र, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पातळ तपकिरी पाकीट, ज्यावरचा जर्मन पत्ता कुणीतरी चित्र काढावं तसा काढलेला असे. ते पाकीट मी स्वयंपाकघराच्या दारात नुसतं वर धरायचो. घरमालक हातातलं टाकून, हात धुऊन, पुसून मगच ते घ्यायचे. ते त्यांच्या थोरल्या भावाचं असायचं.

ती वही मी पहिल्यांदा पाहिली ती एका जुलैत. सुट्टीचा दिवस होता. मागच्या अंगणात टेबल मांडून त्यावर पांढरी चादर घातली होती, चादरीवर निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही उघडून ठेवली होती, आणि बाई हातात झाडू घेऊन कबुतरांवर पहारा देत होत्या. घरमालक एकेक पान बांबूच्या पट्टीने उलटत होते. त्यांच्याकडे चिनी पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी कुळाच्या वह्यांना ऊन दाखवतात. गावात असते तर पूर्वजांच्या मोठ्या घरासमोर, दगडी फरसबंदीवर, शंभर वह्या उघडून ठेवल्या असत्या आणि पोरांना त्या दिवशी तिथे धावायला बंदी असती. इथे एकच होती.

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे सुगीनंतर हेळवी यायचे, बैलावर वह्या लादून, आणि दारात बसून घराण्याची नावं खापरपणजोबांपासून घडाघडा म्हणायचे. ते मी सांगितलं तसे घरमालक हरखले. त्यांच्या शेजारी स्टूल ओढून मला बसवलं आणि वही पहिल्या पानापासून दाखवू लागले.

पहिल्या पानावर गावाचा नकाशा होता. नदीचं वळण, लाकडी पूल, विहीर, कापराचं झाड, मधोमध पूर्वजांचं मोठं घर, आणि चारी बाजूंचे डोंगर बाहेरच्या अंगाला आडवे पडलेले. “स्केल काय आहे?” मी विचारलं. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस दुसरं काय विचारणार! ते हसले आणि म्हणाले, “मोठ्या घरापासून चालत निघायचं. पाय दुखले की डोंगर आला.” सगळं गाव एकाच आडनावाचं. एकवीस पिढ्यांपूर्वी उत्तरेतून, कुठल्याशा लढाईतून पळून, एक माणूस दोन मुलं आणि मिठाची कावड घेऊन त्या वळणावर आला. ज्या धाकट्याने मीठ भिजवलं त्याची शाखा खालच्या आळीत आणि ज्याने राखलं त्याची वरच्या आळीत. खालच्या आळीला अजून त्यावरून चिडवतात म्हणे. घरमालक खालच्या आळीचे.

पुढे कुळाची वीस अक्षरांची एक कविता होती. कुणा पूर्वजाने रचून ठेवलेली. प्रत्येक पिढीने तिच्यातलं पुढचं अक्षर घ्यायचं आणि त्या पिढीच्या सगळ्या मुलांच्या नावात ते घालायचं. म्हणजे परमुलखात दोन अनोळखी माणसं भेटली तरी नावं सांगताच कोण काका आणि कोण पुतण्या हे ठरतं. पाच वर्षांच्या पोरासमोर पांढऱ्या मिशीचा माणूस वाकून नमस्कार करतो, कारण ते पोर काका लागतं. कुळाच्या मालकीची शेतं होती, आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखी. त्यांच्या पिकावर पूजा व्हायची, शाळा चालायची, विधवांना भात मिळायचा. एका पानावर नुसते नियम होते. वही विकणाऱ्याचं नाव गाळायचं. वही भिजवणाऱ्याने आणि उंदरांना खाऊ देणाऱ्याने मोठ्या घरात दिवसभर गुडघ्यांवर बसायचं. त्या पानाशी घरमालक जरा जास्त वेळ थांबले.

मुली वहीत नसतात. बायका असतात, पण नवऱ्याच्या बाजूला, माहेरच्या आडनावाने. बाईंच्या जर्मन आडनावासाठी घरमालकांनी एक चिनी अक्षर शोधून काढलं होतं आणि स्वतःच्या नावाशेजारी लाल शाईने लिहिलं होतं. बाईंनी ते मला झाडूच्या दांड्याने दाखवलं. त्या म्हणाल्या, “आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, “ही मी. अजून लाल आहे.”

युद्धानंतर घरमालक एकदाच गावी जाऊन आले होते. निघताना थोरल्या भावाने त्यांच्या शाखेची ही वही दिली, एक तरी गावाबाहेर असू दे म्हणून. पुढे राज्य बदललं. भाऊ जपून लिहू लागला, कारण पत्रं वाचली जात. एकदा त्याने लिहिलं की मोठ्या घरात आता सगळ्या गावाचा एकत्र स्वयंपाक होतो आणि थोरले काका वारले. घरमालकांचे सगळे काका कधीच वारलेले होते. थोरले काका म्हणजे मोठ्या घरातल्या वह्या, हे त्यांना कळलं. त्यानंतरच्या पत्रात, ‘इथे सगळे पोटभर जेवतात’ हे वाक्य दोनदा होतं. “माझा भाऊ आयुष्यात जेवणाबद्दल बोललेला नाही,” घरमालक म्हणाले. ते पत्र शेवटचं. मी वही पाहिली तेव्हा त्याला दहा महिने झाले होते.

हे सगळं ते सांगत होते आणि स्टेशनाकडून इंजिनाच्या धुराची काजळी उडत येऊन उघड्या पानावर पडली. बाईंनी फुंकर मारली, घरमालकांनी पट्टीच्या टोकाने ती उचलली, पण एक करडा डाग राहिलाच. त्यांचं तोंड उतरलं. मला ते बघवेना. मी म्हणालो की मी हिची नक्कल करून देतो. ट्रेसिंगचा कागद वर ठेवायचा, खालची अक्षरं गिरवायची, आणि कारखान्याच्या छपाईयंत्रातून हव्या तितक्या प्रती काढायच्या. एक रॉटरडॅमच्या त्यांच्या गाववाल्याकडे जाईल, एक सिंगापूरला. अर्थ कळायची गरज नाही. मी तर रोज ज्यांचा अर्थ कळत नाही अशीच यंत्रं गिरवत होतो.

घरमालकांनी बांबूची पट्टी पानावर ठेवली. मग म्हणाले, “गेनाऊ.” आमच्या बोलण्यात हा शब्द ते अगदी बरोबर, ठीक आहे आणि आता विषय संपला, या तिन्हींसाठी वापरत.

ऑगस्टपासून दर रविवारी सकाळी मी बसू लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. हे अक्षर म्हणजे जन्मला. हे म्हणजे गेला. आणि तिसरी, लाल आणि काळ्याची. गेल्याचा दिवस आणि प्रहर कळल्याशिवाय काळं करायचं नाही, कारण त्यावरच दरवर्षीची पूजा ठरते. आणि काळं करायचा मान शाखेतल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचा. मी अक्षरं उजवीकडून डावीकडे, वरून खाली गिरवत गेलो. जन्मला, गेला, जन्मला, गेला. दोन महिन्यांत ती दोन अक्षरं मला आपल्या ‘श्री’सारखी ओळखू येऊ लागली.

माझ्या शेजारी बसून घरमालक गावातल्या एकेकाची हकिकत सांगायचे आणि मीही काहीबाही सांगायचो. एकदा विषय निघाला तेव्हा मी सांगितलं की आमच्याकडे वाईट बातमीचं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचून लगेच फाडून टाकतात. आणि गेल्याचं कुणी तोंडावर सांगत नाही. दूरच्या मुलाला तार करतात, तब्येत जास्त आहे, निघून ये. तो बिचारा घरी येतो, दारातली माणसं बघतो आणि समजतो. “फार सभ्य रीत आहे,” घरमालक म्हणाले. मी फुशारून गेलो. आपल्या देशाचं कुणी कौतुक केलं की मला तेव्हा काही सुचत नसे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, घरमालक खाली स्वयंपाकघरात अडकलेले असताना, मी भावाच्या पानावर आलो. तोवरची सगळी नावं मुळातच काळी होती, सगळी गेलेली माणसं. थोरल्या घरातला थोरला मुलगा म्हणून भावाचं नाव त्या वहीतलं पहिलं लाल नाव होतं. आता, ट्रेसिंगवर लाल शाई वापरली काय नि काळी वापरली काय, छापात दोन्ही सारख्याच निळ्या उतरतात. लाल रेष जरा फिकी राहिली तर उलट तुटते. ड्रॉइंग ऑफिसात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून मी ठरवलं, सगळं काळ्यात गिरवायचं आणि प्रती निघाल्यावर जिवंत नावं हाताने लाल करायची. हे घरमालकांना सांगायला हवं असं माझ्या मनातही आलं नाही. मी भावाचं नाव काळ्या शाईत, अगदी सुबक गिरवलं, निघायची वेळ झाली म्हणून पुढचा घरमालकांचा रकाना कोरा ठेवला, कागद वाळायला टेबलावर तसाच सोडला आणि दार्मस्टाटला गेलो. तिथे दोन मराठी मुलांनी घरून आलेल्या बेसनाचं पिठलं करायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी परत आलो तर खानावळ बंद. रविवारी, भर गिऱ्हाइकाच्या वेळी! आत गेलो. बाईंच्या बाहीवर काळी पट्टी होती. घरमालकांच्या बुटांवर पांढरं कापड शिवलं होतं आणि ते खुर्चीवर न बसता जमिनीवर बसले होते. आपल्याकडे दुखवट्याच्या घरात ‘कोण गेलं?’ असं कुणी विचारत नाही, ते ठाऊक असणं गृहीत असतं. बाईंची म्हातारी आई कासेलला असायची. तीच असणार, असं मी समजलो. मी घरमालकांजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “फार वाईट झालं.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “तुम्हाला फार जड गेलं असेल,” ते म्हणाले.

मला ते जरा विचित्र वाटलं. पण दुःखात माणूस काहीही बोलतो. पुढचे तीन दिवस मी पायऱ्या आवाज न करता चढलो, कोळसा वर आणून दिला, गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवलं. घरमालक तीन दिवस फक्त पेज प्यायले. माझा कागद त्यांनी टेबलावरून उचलून वहीच्या पेटीत ठेवला होता, तोही मी मागितला नाही.

बुधवारी संध्याकाळी बाई वर माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या हाताला राख लागलेली होती. “हेर इंगेनिअर, निदान मला तरी आधी सांगायचं,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या शेगडीतली राख चाळून पाहिली. एक तुकडासुद्धा ठेवला नाहीत?”

“कसला तुकडा?”

“पत्राचा.”

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. घरमालक रविवारी दुपारी कागद बघायला वर आले होते. टपाल मी आणतो. ‘गेला’ हे अक्षर मला वाचता येतं. वहीतलं भावाचं नाव कुठलं ते मला ठाऊक होतं. मी अशा देशातला, जिथे वाईट बातमीचं पत्र फाडतात आणि तोंडाने काही सांगत नाहीत. आणि कागदावर त्यांच्या भावाचं नाव काळ्या शाईत, सुबक, सावकाश काढलेलं, आणि काढणारा नेमका त्याच दिवशी घराबाहेर निघून गेलेला. त्यांना यात काही शंका घ्यायला जागाच नव्हती. मी त्यांना माझ्या पद्धतीने, शक्य तितक्या सभ्यपणे, बातमी दिली होती.

मी जिन्यावरून धावतच खाली गेलो. पत्र आलेलं नाही, मी काही फाडलेलं नाही, ती छपाईची सोय होती, लाल शाई निळी उतरते, मी शपथ घेतो, हे सगळं मी एका दमात सांगितलं. माझं जर्मन अशा वेळी साफ कोलमडतं. घरमालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “गेनाऊ,” ते म्हणाले. “तुमच्याकडे असंच करतात. मी रागावलेलो नाही.” मी वरून ब्लेड घेऊन आलो. ट्रेसिंगवरची चुकलेली शाई आम्ही ब्लेडने खरवडतो, ते नाव आत्ता खरवडून टाकतो म्हणालो. त्यांनी माझं मनगट धरलं. “नाव खरवडायचं नाही. ते तर वही विकणाऱ्याचं करतात.”

मला रडू यायचं राहिलं आणि रागच आला. एक न आलेलं पत्र आलं नाही, हे सिद्ध कसं करायचं? आलेलं पत्र दाखवता येतं. न आलेलं कुठून काढून दाखवू? आणि खरं सांगायचं तर भाऊ जिवंत आहे असंही मला म्हणता येत नव्हतं. शेवटच्या पत्राला चौदा महिने झाले होते. मी फक्त एवढंच म्हणू शकत होतो की मला माहीत नाही, आणि ते त्यांना दुसरं सभ्य वाक्य वाटत होतं.

बाईंचं काय मत झालं होतं ते त्या बोलल्या नाहीत. त्यांनी राख स्वतःच्या हाताने चाळली होती.

हिवाळा तसाच गेला. खानावळ पुन्हा सुरू झाली. मूळ वहीत भावाचं नाव लालच राहिलं, कारण गेल्याचा दिवस आणि प्रहर माहीत नव्हता. नक्कल थांबली. टपालाची किल्ली बाईंनी घ्यावी म्हणून मी त्यांच्या मागे लागलो, पण घरमालकांनी ती पुन्हा त्याच खिळ्याला लावली. “तुम्हीच आणत जा,” ते म्हणाले. हा विश्वास मला नको होता. रोज पाच वाजता पेटी उघडण्याआधी मी फटीतून आत डोकावायचो. तपकिरी पाकीट यावं, त्यावर भावाचंच अक्षर असावं, म्हणजे मी खोटा नाही हे ठरेल, आणि तो माणूसही जिवंत निघेल. या दोहोंतलं मला आधी काय हवं होतं ते मी आज प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. पण त्यावरचा पत्ता दुसऱ्याच हाताने काढलेला होता. अक्षरं उभट, घाईची. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो. आता मात्र मी खरोखर त्या जागी होतो, जिथे मी नोव्हेंबरात होतो असं ते समजत होते. पाकीट शेगडीत टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. शेवटी नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मी ते वर धरलं. घरमालकांनी हात धुतले, पुसले, आणि आम्हा दोघांना समोर बसवून एकेक ओळ जर्मनमध्ये सांगत पत्र वाचलं.

पत्र पुतण्याचं होतं. तो आता पूल दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होता. त्याला मुलगा झाला होता आणि नावासाठी कवितेतलं पुढचं अक्षर तो विचारत होता, कारण गावात ते आता कुणाला खात्रीने आठवत नव्हतं. वडील गेल्या वर्षीच्या थंडीत गेले, चिनी पहिल्या महिन्याच्या विसाव्या दिवशी, पहाटेच्या प्रहरी. म्हणजे मी ते नाव गिरवलं त्याच्या नऊ महिने आधी. पुढची ओळ वाचताना घरमालकांचा आवाज हळू झाला. ‘सगळं सविस्तर तेव्हाच्या पत्रात लिहिलं आहे. वडिलांनी स्वतःच्या हाताने तुमच्यासाठी शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून तुमच्या मनाला आधार मिळाला असेल.’

ते उठले, वही आणली, शाई उगाळली. शाखेतले सगळ्यांत मोठे आता तेच होते. लाल अक्षरांवरून त्यांनी काळी शाई फिरवली. कुंचला धुऊन ठेवला. मग माझ्याकडे वळले.

“त्याच्या हातच्या दोन ओळी,” ते म्हणाले. “त्याही फाडल्यात?”

म्हणजे पत्र निघालं होतं. कुठेतरी, कुठल्यातरी देशाच्या, कुठल्यातरी टेबलावर ते राहून गेलं होतं. पाच महिने मी खरं बोलत होतो आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. आत्ताही खरंच सांगितलं असतं, आणि समजा त्यांना ते पटलं असतं, तर हा माणूस त्या हरवलेल्या पत्राची वाट बघत उरलेलं आयुष्य त्या पेटीसमोर उभा राहिला असता. बाई माझ्याकडे बघत होत्या.

“हो,” मी म्हणालो. “फाडल्या.”

“अक्षर कसं होतं?”

“लहान,” मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. दोन ओळी म्हणजे लहानच असणार असं वाटलं.

“तो नेहमी मोठी अक्षरं काढायचा,” ते म्हणाले. “हातात जोर राहिला नसेल.”

रात्रीचं जेवण नेहमीसारखं वर आलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी परतलो तेव्हा खिळ्याला किल्ली नव्हती. ती आता त्यांच्या कोटाच्या खिशात असायची आणि पोस्टमन आला की ते स्वतः खाली जायचे. नक्कल मी पुढच्या चार महिन्यांत पूर्ण केली, छापून आणली, जिवंत नावं एकेक लाल केली. पुतण्याच्या मुलाचं नाव त्यांनी स्वतः लिहिलं.

त्या घरात मी आणखी वर्षभर राहिलो. रोज संध्याकाळी दारातून आत शिरताना मी आधी त्यांचा चेहरा बघायचो. ते हरवलेलं पत्र वाट चुकून, उशिरा, केव्हाही येऊ शकत होतं, आणि आलं की मी काय केलं ते त्यांना कळणार होतं. मोठ्या अक्षरातल्या त्या दोन ओळी त्यांना साऱ्या जगापेक्षा जास्त हव्या होत्या. आणि मी वर, छपराखाली, त्या कधीच येऊ नयेत म्हणून देवाला विनवत बसायचो.